आत्याचं उष्टं

"ताई त्याले जवळ घेते ना आई, तवा तिच्या तोंडाचा वास येते. कसं सांगू वो मी तिले?"

वहिनी तिच्या आईशी फोनवर बोलत होती. दार लोटलेलं होतं आणि दाराच्या अलीकडे मी, बाळाची वाळलेली दुपटी हातात घेऊन. तिने आवाज खाली आणला होता, पण लाइट गेलेली होती, पंखे बंद होते, घरात सगळं ऐकू येत होतं.

"तशी लई माया करते पोरावर. पण वास येते."

मी दुपटी बाहेरच्या खुर्चीवर ठेवली आणि चपलांचा आवाज न करता मागे फिरले. न्हाणीत जाऊन कडी लावली, तळहात तोंडासमोर धरून श्वास सोडला आणि हुंगून पाहिला. साबणाचा वास आला. दुसरं काही नाही. स्वतःचा वास स्वतःला कळत नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. मग मी कोणाकोणाच्या शेजारी बसले होते, कोणाच्या कानाशी बोलले होते, ते सगळं आठवायला लागले. यादी फार मोठी नव्हती. मी मुळात कमी बोलते. यवतमाळहून बी.एस्सी. करून महागावला घरी आले, बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते, आणि दिवसभरातलं माझं बहुतेक बोलणं त्या बाळाच्याच वाट्याला जातं. दादाचा मुलगा. तेव्हा त्याला सहावा महिना लागला होता. त्याच्याशी बोलताना मला लाज वाटत नाही. मी बोलायला लागले की तो माझ्या डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो.

म्हणूनच ते ऐकून मला राग आला नाही. भीती वाटली.

कारण रक्त येतं हे मला माहीत होतं. कित्येक महिन्यांपासून दात घासून थुंकलं की बेसिनमध्ये गुलाबी रेघ जायची. पेरू खाल्ला तर चाव्याच्या कडेला लाल ठसा उमटायचा, आणि मी तो पेरू उलटा धरून पुढचा घास घाईने घ्यायचे. जखमेला हात लावू नये, ती आपोआप भरते, असं घरात लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून खालच्या पुढच्या दातांवरून मी ब्रश फिरवणंच सोडून दिलं. तिथे फक्त तुरटीच्या पाण्याने चूळ भरायची. काही दिवस रक्त दिसलं नाही. मला वाटलं, जखम भरतेय.

आमच्या भागात तोंडाचं काही दुखणं म्हटलं की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते. प्रत्येक चौकात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारा बसलेला असतो, आणि प्रत्येक गल्लीत गालावर पट्टी बांधलेला एखादा माणूस असतो, जो पुढच्या वर्षी दिसत नाही. मुलीचं तोंड दुखतंय म्हटलं तर तिला कोणी काही विचारणार नाही. तिच्या आईला विचारतील, बारीक आवाजात. मी कधी सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. तरी आरशात जीभ उचलून, गाल ओढून मी पांढरा चट्टा शोधायचे. सापडला नाही की दुसऱ्या दिवशी परत.

एकदा आईला सांगायचा प्रयत्न केला होता. वहिनी बाळंत होऊन माहेरी होती आणि आई तिच्यासाठी डिंकाचे लाडू करत होती. कढईत तुपात डिंक फुलत होता. मी ओट्याला टेकून उभी राहिले. शाळा इंग्रजी माध्यमाची. शरीराबद्दलचे कितीतरी शब्द माझ्याकडे फक्त इंग्रजीत आहेत.

"आई, माझ्या गमचा प्रॉब्लेम आहे."

आईचा झारा थांबला. "कायचा गम आला तुले?"

"नाही, म्हणजे..."

"बाबा लग्नाचं बोलले म्हणून? अवं, नुसता फोटो धाडला. कोणी उचलून नेऊन नाही राह्यलं तुले."

"तसं नाही गं."

"मंग? परीक्षेचा?" आईने गॅस बारीक केला, माझ्या डोक्यावरून तुपाचा हात फिरवला. "गम नको करू. होते सारं."

कढईत फुलत होता त्याला आमच्या शाळेत गम म्हणत, आणि आई बोलत होती हिंदीतल्या गमाबद्दल, म्हणजे दुःखाबद्दल. माझा तिसरा, दात रोवलेले असतात तो. मला हसू आलं. आईला वाटलं, समजूत पटली. तिने मला एक लाडू दिला, तो मी मागच्या दातांनी खाल्ला. हिरडी हा शब्द मला ऐकून माहीत होता, पण तो माझ्या तोंडातल्या जागेचा आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

वहिनीचा फोन ऐकल्यानंतरच्या आठवड्यात, परीक्षेचं पुस्तक आणायचं आहे असं सांगून मी एसटीने पुसदला गेले. बाजारातल्या एका दुकानावर दातांच्या डॉक्टरांची पाटी पाहिलेली होती. डॉक्टर बाई होत्या, म्हणूनच पायऱ्या चढले.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलेलं. आजोबांनी मला नीट न्याहाळलं.

"बाई, तुह्ये तं सारे दात जागेवर दिसतात. तू कायले आली?"

"चेक करायला."

"चेक!" त्यांनी आ वासून दाखवला. "हे दोन राह्यले. एक माह्या नावानं, एक हिच्या नावानं."

"माह्या नावाचा हालते तो," आजी म्हणाल्या, पदर तोंडावर घेऊन.

मला हसायचं होतं. पण हसले तर दात दिसतील, वास जाईल, म्हणून ओठ मिटून मान हलवली. आजी मात्र मनमोकळ्या हसल्या, तोंडात एकही दात नसताना.

डॉक्टरांनी पहिल्यांदा मराठीत विचारलं. मी इंग्रजीत उत्तर दिलं, मग त्याही इंग्रजीत बोलायला लागल्या. इंग्रजीत 'ब्लीडिंग' म्हणताना मला काहीच जड गेलं नाही. जणू मी कोणाचा तरी निरोप सांगत होते. त्यांनी एक बारीक, खुणा असलेली सळई दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत उतरवली आणि सहायक मुलीला मिलिमीटरचे आकडे सांगत गेल्या. दोन, दोन, तीन. मग खालचे पुढचे दात आले आणि आकडे वाढले. पाच. सहा. परत सहा. दुखत नव्हतं. एवढं खोल काही आत जातंय आणि दुखत नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

"तंबाखू? खर्रा?"

"नाही."

सहायक मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला पटलं की नाही ते कळलं नाही.

त्या फटीतून डॉक्टरांनी सळईच्या टोकावर किंचित पिवळट काहीतरी काढलं. काचेवर थेंबभर पाण्यात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. त्याला एक छोटा पडदा जोडलेला होता. "तुझंच आहे. बघ," त्या परत मराठीत म्हणाल्या.

मी दहावीत जीवाणूंची आकृती काढली होती. गोल, दांडा, मळसूत्र, पेन्सिलने, बाणांसकट. मार्क पूर्ण मिळाले होते. त्या आकृतीत काही हलत नव्हतं. इथे सगळं हलत होतं. गोल ठिपके थरथरत होते, काड्या सरपटत होत्या, आणि मधूनमधून बारीक, वळ्यावळ्यांच्या शेवया वळवळत आरपार जात होत्या. दुधात शेवया उकळतात तशा, पण त्यांना खालून जाळ नव्हता. त्या स्वतःच हलत होत्या. मी खुर्चीचे दोन्ही हात धरले. तोंडात थुंकी जमली होती आणि ती गिळायचं मला धाडस होईना.

डॉक्टर शांतपणे सांगत होत्या. तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात, बहुतेक निरुपद्रवी. दातावर त्यांचा मऊ थर रोज बसतो. तो रोज निघाला नाही तर कडक होतो, त्याला किटण म्हणतात, आणि किटणाच्या आडोशाने हिरडीखाली, जिथे हवा पोचत नाही तिथे, वेगळी जात वाढते. वास त्यांचाच.

"ते हाड खातात का?" मी विचारलं.

"ते खात नाहीत. त्यांना हुसकून लावायला तुझं शरीर तिथे लढत राहतं, हिरडी सुजते, रक्त येतं, आणि त्या लढाईत हाडच मागे सरकतं. तू रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावणं सोडलंस ना? त्यांना तेच हवं होतं."

एक्स-रेवर त्यांनी बोट ठेवलं. दात पांढरे, सरळ, आणि त्यांच्या मुळांभोवतीचं हाड जिथवर हवं त्याच्या बरंच खाली. बाबांचं कृषी केंद्र आहे. कपाशीच्या दिवसांत लोक बोंडं घेऊन येतात आणि बाबा काउंटरवर अंगठ्याच्या नखाने बोंड फोडतात. वरून हिरवंगार, टणक, डाग नाही. आत गुलाबी अळी आणि खाल्लेली सरकी. लहानपणी मी ते बघायला थांबायचे आणि बोंड फुटायच्या क्षणी डोळे मिटायचे.

"औषध आहे ना?" मी बाबांच्या गिऱ्हाइकांसारखंच विचारलं.

"फवारलं आणि संपलं असं औषध नाही. मी आतून साफ करीन, काही खेपा लागतील. पुढे तो थर रोज तू काढायचा. दात वाचतील, वेळेत आली आहेस." मग हातमोजे काढता काढता त्यांनी विचारलं, "घरात कोणाचे दात लवकर गेले?"

आईचे. आईला कवळी आहे, मला आठवतं तेव्हापासून. तिची पन्नाशी अजून यायची आहे. ती म्हणते, पोरं आईचे दात नेतात; दादाच्या वेळेस दोन गेले, माझ्या वेळेस तीन, मग राहिलेले कंटाळून गेले. हसत म्हणते. मी ते हसण्यावारी कधी घेऊ शकले नाही. तिच्या तोंडातल्या रिकाम्या जागेपैकी काही माझी आहे, असंच मला वाटायचं. आणि ती हेही सांगते, कौतुकाने, की मी लहानपणी काही खात नव्हते, तर तिने मला भाकरी स्वतः चावून, मऊ करून भरवली. "माह्या तोंडातला घास खाऊन वाढली हे," असं ती पाहुण्यांना सांगते.

निघताना मी दारात थांबले. "घरी लहान बाळ आहे. चालतं का?"

"पापा घेतल्याने काही होत नाही गं. पण चमचा, ग्लास आपापला ठेव. जंतू एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात, घरातल्या घरात जास्त. आधी स्वतःचं नीट कर."

त्यांनी सहज सांगितलं. मी ते सहज ऐकलं नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी एकच गोष्ट मनात फिरवत होते. आईच्या तोंडातून माझ्यात. माझ्यातून.

घरी आल्यावर मी तोंडाला मास्क लावला आणि सर्दी झाली म्हणाले. बाळाला ते आवडलं नाही. तो मास्क ओढायचा. एकदा त्याने तो खाली ओढलाच आणि मी नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची तीन बोटं माझ्या खालच्या दातांवर. मी त्याचा हात धरेपर्यंत ती बोटं त्याच्या स्वतःच्या तोंडात गेलेली. मी त्याला उचलून नळापाशी नेलं आणि त्याचा हात चोळचोळून धुतला. तो रडायला लागला.

"काय झालं वो?" वहिनी धावत आली.

"काही नाही. हात खराब झाला होता."

तिने त्याला माझ्याकडून घेतलं. तिला सुटल्यासारखं वाटलं, ते मला दिसलं. तिला वाईटही वाटलं, तेही दिसलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. त्या दिवसानंतर मी त्याला कमी घ्यायला लागले. आईने एक-दोनदा हटकलं, "पोराचा कंटाळा आला काय तुले?" मी अभ्यास आहे म्हणाले.

आणि मग आईने उष्टावणाचं काढलं.

उष्टावण सगळीकडे करतात. बाळ पहिल्यांदा अन्न चाखतं. सगळीकडे मामा भरवतो. आमच्या घरी पहिला घास आत्याचा, आणि तोही उष्टा. आत्याने खीर आधी स्वतः चाखायची आणि त्याच चमच्याने बाळाला चाटवायची, मग मामाने. आत्याचं उष्टं खाल्लं की पोर आत्याच्या गुणावर जातं, असं आमच्याकडे मानतात. दादाला बाबांच्या बहिणीने असंच भरवलेलं. "आमच्या घरात हे एक शिकली," आई फोनवर वहिनीच्या आईला सांगत होती, "पोरगा तिच्यावर गेला तं सोनं झालं."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण वहिनी तिथेच भाजी निवडत बसली होती आणि तिचे हात थांबले होते.

मी विचार केला, आजारी पडावं. यवतमाळला परीक्षा निघाली म्हणून सांगावं. पुसदला आणखी एक खेप झाली होती. एका बाजूची सफाई झाली, खालचे पुढचे दात अजून राहिले होते. सकाळी ब्रशवर रक्त होतंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सुरुवातीला येईल, घाबरू नको. मी रोज घाबरत होते.

रविवारी घर भरलं. वहिनीचे आईवडील आणि भाऊ आले. बाळाला मामाच्या मांडीवर बसवलं, नवं झबलं, कपाळाला कुंकू. आईने बोट धुऊन त्याच्या खालच्या हिरडीवरून फिरवलं आणि ओरडलीच.

"अवं बाप्पा! दात येऊन राह्यला! हे पाय, टोचते!"

सगळे वाकले. मीही वाकले. खाली, अगदी मधोमध, गुलाबी हिरडीत तांदळाच्या कणीएवढी पांढरी रेघ. माझ्या तोंडात जिथे आकडे वाढले होते, नेमकी तीच जागा.

मग आईने चांदीची वाटी माझ्या हातात दिली. शेवयांची खीर, मऊ शिजवून कुस्करलेली. दुधात त्या बारीक वळ्या तरंगत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच नजर वर घेतली.

"चाख अन् दे," आई म्हणाली.

"आत्याबाई, लवकर," मामा म्हणाला, "पोट्टं माह्यं बोट खाऊन राह्यलं."

बाबा मोबाइल धरून उभे होते. वहिनी बाळाच्या मागे बसली होती, तिचा हात त्याच्या पाठीवर. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी दाराअलीकडून ऐकलेलं होतं. ती बोलणार नव्हती. सासूसमोर, माहेरच्यांसमोर ती नणंदेच्या तोंडाबद्दल काय बोलणार? आणि मी आयुष्यभर जे करत आले तेच करायचं ठरवलं. चमचा भरला, ओठांजवळ नेला, ओठ मिटूनच ठेवले, आणि चाखल्यासारखा खाली आणला.

"लावला नाही तोंडाले," आई म्हणाली. "मले दिसते ना. नीट चाख."

सगळे हसले. "लाजते," बाबा म्हणाले.

मी चमचा परत वर नेला. खिरीचा एक थेंब माझ्या ओढणीवर पडला. बाळाने चमचा पाहिला. त्याने आ केला, पूर्ण, माझ्याकडे बघून, मी बोलायच्या आधी तो करतो तसा. वहिनीचा हात त्याच्या पाठीवर आवळला गेला.

मला वाटलं की आता जे बोलेन ते आईला लागेल. तिने चावून भरवलेल्या प्रत्येक घासाला लागेल. वहिनीच्या आईला वाटेल, मुलीला काहीतरी मोठं आहे आणि यांनी लपवलं. बाबांच्या मोबाइलमध्ये ते राहील. माझ्याकडे इंग्रजीतलं सगळं वाक्य तयार होतं, कॉमा-पूर्णविरामांसकट, आणि त्याचा इथे काही उपयोग नव्हता.

मी चमचा वाटीत ठेवला. वाटी वहिनीच्या हातात दिली.

"आई," मी म्हणाले, "माह्यं उष्टं त्याले नको देऊ. माह्या हिरड्यातून रक्त येते."